सेल्फ टक करतो आणि गप्प बसतो

पहाटे साडेपाचला शेडमध्ये जाऊन चावी फिरवायची आणि ट्रॅक्टरच्या सेल्फने, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटारीने, फक्त "टक" करायचं, हा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको, पोटात गोळाच येतो. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी होऊन पंचवीसेक दिवस झालेले, रात्री पाऊस शिंतडून गेलेला, पानं ओली, डावणी रोगाचा स्प्रे सकाळीच झाला पाहिजे, टाकीत औषध कालवून ठेवलेलं आणि ज्याच्या जिवावर फवारणीचा ब्लोअर चालतो तो ट्रॅक्टर एकदा टक करून गप्प. आमच्याकडे निफाड तालुक्यात हे दिवस असे असतात की एक स्प्रे चुकला तर घडच जातात हातातून.

ट्रॅक्टर आमचा महिंद्रा २६५ डीआय, १९९४ चा, तीन सिलिंडर, ३० एचपी. आप्पांनी घेतला तेव्हा मी चौथीत होतो. लासलगावला कांदा याच्यावर गेला, घर बांधताना वाळू याच्यावर आली, आजीला पाऊस चालू असताना दवाखान्यात याच्याच ट्रॉलीत ताडपत्री टाकून नेलं. आजही इंजिन ठणठणीत आहे, पंप नोझल बघून घेतले की पहिल्या फिरकीत आवाज देतो. म्हणून कोणी म्हटलं ना की विकून टाक भंगारात, तर मला खरंच राग येतो. इंजिन चांगलं असताना सेल्फपायी ट्रॅक्टर विकणारे लोक मी बघितलेत, आणि आता खोललेला सेल्फ स्वतः बघितल्यावर तर ते आणखीनच चुकीचं वाटतं.

पण आधी आमची चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

सेल्फचा त्रास दोन वर्षं चालू होता. सुरुवातीला कधीतरी टक करायचा, परत चावी मारली की उचलायचा. मग दोनदा, मग चारदा. आम्ही काय केलं, नवीन बॅटरी आणली. आठ दिवस बरं वाटलं, परत तेच. मग सोलेनॉइड, म्हणजे चावी मारली की सेल्फला बॅटरीचा करंट जोडणारा स्विच, बदलला. परत तेच. मग मात्र आम्ही दुरुस्तीचा नाद सोडला आणि सवय लावून घेतली. सवय म्हणजे दोन गोष्टी. एक, ट्रॅक्टर कायम विहिरीजवळच्या उतारावर उभा करायचा, गिअरमध्ये टाकून, पुढच्या चाकाला दगड लावून, म्हणजे सकाळी सोडला की ढकलस्टार्ट होतो. आणि दुसरी, जी जास्त वाईट, खाली उभं राहून सेल्फवर पाना टेकवायचा. सोलेनॉइडवर बॅटरीची जाड वायर जिथे येते तो बोल्ट आणि चावीची बारीक वायर येते ते टर्मिनल, या दोघांना पान्याने जोडलं की ठिणगी उडते आणि सेल्फ फिरतो. गावात निम्म्या जुन्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर हेच करतो, कोणाला त्यात वावगं वाटत नाही, आम्हालाही वाटत नव्हतं.

आता या दोन सवयी एकत्र आल्या की काय होतं बघा. संध्याकाळी मी ट्रॅक्टर उतारावर गिअरमध्ये उभा केला. सकाळी नाना, म्हणजे माझे चुलते, वय बासष्ट, मी यायच्या आधी शेतात आले, त्यांनी बघितलं की पुढे कोणीतरी पाइप आणून टाकलेत, ढकलस्टार्ट करायला जागा नाही, म्हणून ते मागच्या मोठ्या चाकाच्या पुढे उभे राहिले आणि पाना लावला. गिअर बघितलाच नाही. लो गिअरमध्ये सेल्फच ट्रॅक्टरला पुढे ओढतो आणि डिझेल इंजिन गरम असो थंड असो, अर्ध्या फिरकीत पेटलं की मग ते थांबत नाही. दगडावरून पुढचं चाक गेलं. नाना बाजूला पडले, बांधाच्या आतल्या अंगाला, मागचं चाक त्यांच्या पायापासून वीतभरावरून गेलं आणि डिझेलचा पाच लिटरचा कॅन होता तो भाकरीसारखा चपटा झाला. मी तेव्हा बागेच्या टोकाला होतो, पळत आलो, मागून ड्रॉबारवर चढलो आणि स्टॉपची तार ओढली. तोपर्यंत बागेचा शेवटचा अँगल वाकून तारा ढिल्या पडल्या होत्या.

नाना उठले, कपडे झटकले, म्हणाले, "काही नाही झालं रे." पण त्यांचे हात थरथरत होते, तंबाखू मळता येईना. त्या दिवशी मी ठरवलं की या ट्रॅक्टरला आता पाना लागणार नाही.

पाना लावण्यातला धोका नीट समजून घ्या. नव्या ट्रॅक्टरला क्लच दाबल्याशिवाय किंवा न्यूट्रल असल्याशिवाय सेल्फ लागत नाही, ती सोय चावीच्या वायरमध्येच असते. सोलेनॉइडवर पाना टेकवला म्हणजे चावी, क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच, सगळं वगळून सरळ करंट गेला. ट्रॅक्टर नवा असू दे नाहीतर जुना, पाना टेकवणारा माणूस मात्र नेमका दोन चाकांच्या मधे उभा असतो, पळायला जागा नसते.

बरं, आता दुरुस्ती. मी काही मिस्त्री नाही, पण मोटारीचे स्टार्टर, ड्रिपचे व्हॉल्व्ह असली कामं घरीच करतो आणि माझ्याकडे साधा मल्टिमीटर होता. पिंपळगावला सेल्फ-डायनामोचं काम करणारे एक चाचा आहेत, त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "खोलून आणू नको आधी. वायर मोज, मग सेल्फ उतरव. शंभरातले निम्मे सेल्फ माझ्याकडे उगाच येतात." कसं मोजायचं तेही त्यांनीच सांगितलं, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कामाची गोष्ट हीच होती.

त्याआधी आवाजाचं. सेल्फ बिघडला की वेगवेगळे आवाज करतो आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. कटकटकटकट असा सलग आवाज आला तर बहुतेक बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे, कारण सोलेनॉइड ओढला की लोड येतो, व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं, परत ओढतो. एकच टक आणि पुढे शांतता म्हणजे सोलेनॉइड हलला पण मोटारीपर्यंत दमदार करंट गेला नाही, किंवा पूर्ण ओढलाच गेला नाही. सेल्फ घूंऽऽ करून मोकळाच फिरतो आणि इंजिन जागचं हलत नाही, तर बेंडिक्सचा, म्हणजे सेल्फचं छोटं दातेरी चाक (पिनियन) इंजिनाला जोडणाऱ्या भागाचा, क्लच घसरतोय. आणि खर्रर असा दातावर दात घासल्याचा आवाज आला तर फ्लायव्हीलच्या रिंगचे, म्हणजे पिनियन ज्या दातेरी कड्याला फिरवतं त्याचे, दात बघायला लागतील, त्यावर नंतर येतो.

मोजायला लागलो. बॅटरी निवांत असताना १२.५ व्होल्ट, म्हणजे बॅटरी चार्ज आहे. मग पुतण्याला सीटवर बसवलं, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना दोन्हीकडून दगड, स्टॉपची तार ओढून धरलेली म्हणजे इंजिन पेटणार नाही, फक्त सेल्फ फिरेल. चावी मारली, टक. सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर किती व्होल्ट येतात बघितलं तर ७.४. बारा पाहिजेत तिथे सात! म्हणजे चावी मारल्यावर सोलेनॉइडला पुरेसा जोरच मिळत नव्हता, आणि पाना लावला की तो सरळ बॅटरीवरून घेत होता म्हणून उचलत होता. दोन वर्षं आम्ही पाना लावून ज्या दोषाला बगल देत होतो तो हा एवढासा. डॅशबोर्ड उघडला तर चावीच्या स्विचची आतली पट्टी काळी पडलेली आणि खाली वायरला कोणीतरी कधीतरी दिलेला जोड, नुसता पिळून वर टेप. टेप काढली तर आतलं तांबं हिरवं. स्विच नवीन टाकला, सोलेनॉइडपर्यंत नवीन जाड वायर एकसंध टाकली, टोकाला थिंबल दाबून वर सोल्डर मारला.

आता चावीवर सेल्फ उचलायला लागला. पण मंद. घर्र… घर्र… घर्र… असा, म्हातारा माणूस जिना चढल्यासारखा. परत मीटर. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन्ही टोकांवर १०.६ व्होल्ट, हे ठीक आहे. मग मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर, फिरताना फरक ०.३, हेही ठीक. मग एक तार बॅटरीच्या मायनसच्या शिशावर आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर, आणि तिथे आकडा आला २.२. तो आकडा बघून मी दोनदा परत मोजलं. मायनसच्या बाजूला हा फरक ०.२-०.३ च्या वर जायला नको. म्हणजे सव्वादोन व्होल्ट अर्थिंगमध्येच जळत होते आणि सेल्फच्या वाट्याला आठच येत होते. सेल्फ इंजिन फिरवताना दोन-तीनशे अँपिअर ओढतो, आणि एवढ्या करंटला थोडासा गंज पण मोठा अडथळा होतो. बारा व्होल्टचा छोटा बल्ब त्या गंजातून सुद्धा छान पेटेल, म्हणून नुसता टेस्ट लॅम्प लावून "करंट येतोय की" असं म्हणून चालत नाही. लोडवर मोजायचं.

बॅटरीचा मायनस चासीला जोडणारी अर्थिंगची पट्टी हातात धरली तर गरम. बोल्ट काढला आणि कारण समोर. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला ट्रॅक्टरला रंग मारला होता, लालभडक, पूजेला सगळ्यांनी वा वा केलं होतं. रंगाऱ्याने पट्टी सोडवली, चासीला रंग मारला, आणि ओल्या रंगावरच पट्टी परत आवळली. पट्टी आणि लोखंड यांच्यामधे रंगाचा थर, आणि त्यात दोन वर्षांचा गंज. त्रास कधीपासून चालू झाला ते आठवून बघितलं तर दसऱ्याच्या पुढच्याच महिन्यापासून. त्या काळात एक नवीन बॅटरी आणि एक सोलेनॉइड आम्ही घेऊन बसलो होतो, आणि उरलेला दोष एका बोल्टखाली. जागा पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासली, पट्टी नवी टाकली, आवळून वरून ग्रीस लावलं. ग्रीस आवळल्यावर वरून, आधी मधे नाही.

फरक ०.२ वर आला. सेल्फ असा फिरला की पुतण्या सीटवरून ओरडलाच.

इथे थांबलो असतो तर चाललं असतं, आठवडाभर मी थांबलोही. पण दुपारी स्प्रे करून ट्रॅक्टर बंद केला आणि लगेच परत सेल्फ मारला की तो जड व्हायचा. सकाळी थंड असताना छान, गरम झाल्यावर जड. चाचांना सांगितलं तर त्यांनी फोनवरच सांगितलं, "बुश गेले. आता उतरव." बुश म्हणजे सेल्फचा शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी.

सेल्फ उतरवताना आधी बॅटरीचा मायनस काढायचा. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर पाना तिथेच वेल्डिंग होतो. सेल्फ वजनाला चांगलाच असतो, शेवटचा बोल्ट काढताना खालून हात किंवा लाकूड पाहिजे नाहीतर बोटं सापडतात. उतरवून पोत्यात घालून पिंपळगावला नेला.

चाचांचं दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, भिंतीला आर्मेचर, म्हणजे सेल्फच्या आतले फिरते गाभे, टांगलेले, कोपऱ्यात शिकंजा, आणि कार्बनचा काळा वास. त्यांनी आधी बॉडीवर आणि मागच्या झाकणावर छिन्नीने एक बारीक रेघ मारली, बसवताना दोन्ही रेघा जुळल्या की झालं. दोन लांब बोल्ट काढले, झाकण निघालं, आतून मूठभर काळी पूड पडली. चार कार्बन, म्हणजे आर्मेचरला करंट देणारे छोटे ठोकळे. दोन बरे होते, दोन झिजून इतके आखूड झाले होते की स्प्रिंग कार्बनला टेकायच्या ऐवजी होल्डरलाच टेकत होती. मग त्यांनी आर्मेचर बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला, म्हणाले, "इथे बघ."

आर्मेचरच्या अंगावर गोल सगळीकडून चमकणारा पट्टा होता, बोटभर रुंद, ताज्या घासलेल्या विळ्यासारखा. बाकी सगळा काळपट. आणि बॉडीच्या आत जे लोखंडी तुकडे असतात, ज्यांच्यावर फिल्ड कॉइल गुंडाळलेली असते, त्यांच्यातल्या एका अंगाच्या तुकड्यांवरही तसाच घासलेला डाग. म्हणजे बुश झिजून शाफ्ट एका अंगाला लवत होता आणि आर्मेचर फिरताना त्या तुकड्यांना घासत होता. गरम झालं की अंतर आणखी कमी, घासणं आणखी जास्त, म्हणून दुपारी जड. चाचांनी शाफ्ट बुशमध्ये घालून हलवून दाखवला, खडखड वाजला, नवीन कांस्याच्या बुशमध्ये घातला तर तेलातून सरकल्यासारखा गेला, आवाज नाही. एवढ्याशा कड्यासाठी अख्खा ट्रॅक्टर.

आर्मेचर त्यांनी ग्राउलरवर ठेवला. ते एक घूं करणारं चुंबक असतं, त्यावर आर्मेचर ठेवून वरून हॅकसॉचं पातं फिरवतात, आत कुठे शॉर्ट असेल तर पातं थरथरतं. पातं गप्प राहिलं. मी मनातल्या मनात खंडोबाला हात जोडले, कारण आर्मेचर गेला असता तर खर्च वाढला असता. कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरवरचा कार्बन टेकतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, त्यांनी काचेच्या बारीक पेपरने साफ केला, काळा पॉलिश पेपर वापरू दिला नाही, त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमधे अडकतात म्हणाले. मी विचारलं की पट्ट्यांमधला अभ्रक कोरायचा ना, डायनामोचा कोरतात तसा, तर मान हलवली, "डायनामोचा कोरतात. या सेल्फचा नाही." आणि बेंडिक्सला डिझेलच्या डब्याजवळ सुद्धा जाऊ दिलं नाही, नुसतं फडक्याने पुसलं. आपण सगळे काय करतो, सगळं डिझेलमध्ये बुडवतो, पण बेंडिक्सच्या क्लचमधलं ग्रीस डिझेलने धुतलं गेलं की तो घसरायला लागतो, आणि कॉइलच्या इन्सुलेशनचीही वाट लागते.

नवीन बुश त्याच दिवशी बसवले नाहीत. इंजिन ऑइलच्या वाटीत टाकून ठेवले आणि "उद्या ये" म्हणाले. हे बुश सच्छिद्र असतात, रात्रभरात तेल पितात, आणि तेच तेल पुढे वर्षानुवर्षं शाफ्टला देत राहतात. कोरडा बुश ठोकून दिला तर तो काही महिन्यांत परत खातो. एक दिवस जास्त गेला, पण घाई करणाऱ्या मिस्त्रीपेक्षा उद्या ये म्हणणारा मिस्त्री मला कधीही चालेल.

दुसऱ्या दिवशी बुश, चार कार्बन, सोलेनॉइडच्या आतली तांब्याची चकती एका बाजूने जळालेली होती ती उलटी करून बसवली, पिनियन पुढे ढकलणाऱ्या फोर्कच्या पिनला ग्रीस. शिकंज्यात धरून बॅटरी लावली, पिनियन टक करून पुढे आलं आणि घूंऽऽ. दोन-तीन सेकंदच फिरवला, मोकळा सेल्फ जास्त वेळ पळवायचा नसतो. बुश आणि कार्बनचा खर्च बॅटरीच्या किमतीच्या दहावा हिस्सासुद्धा नाही झाला, मजुरी वेगळी, आणि मजुरीचा एक रुपया मला जास्त वाटला नाही.

बसवायच्या आधी भोकातून टॉर्च मारून रिंग बघितली. आणि इथे एक गंमतशीर गोष्ट कळली. तीन सिलिंडरचं इंजिन बंद होताना कुठेही थांबत नाही, कॉम्प्रेशनमुळे ते ठरलेल्या तीनच जागी थांबतं, म्हणून सेल्फचं पिनियन तीस वर्षं त्याच तीन जागच्या दातांवर आदळत आलंय. बाकी रिंग कोरी आणि तीन ठिकाणी दात बोथट. चार सिलिंडरला अशा दोन जागा असतात. अधूनमधून जो खर्रर आवाज यायचा तो यामुळे. त्याला उपाय आहे, फ्लायव्हील बाहेर काढून रिंग तापवून उतरवायची आणि उलटी करून किंवा नवीन तापवून बसवायची, थंड झाली की ती घट्ट आवळते. पण त्यासाठी ट्रॅक्टर मधून फोडावा, म्हणजे इंजिन मागच्या भागापासून वेगळं करावं लागतं, आणि हंगामात ट्रॅक्टर फोडून ठेवणं परवडणारं नाही. क्लचप्लेटचं काम पण जवळ आलंय, दोन्ही एकदमच करू.

सेल्फ बसून दोन थंड्या झाल्या. जानेवारीत आमच्याकडे पारा पाच-सहावर येतो, कधी त्याच्याही खाली, लोक बागेत शेकोट्या करतात, पहाटे ड्रिप चालू ठेवतात. थंडीत बॅटरी पण दमते आणि इंजिनातलं ऑइलही जड होतं, सेल्फची खरी परीक्षा तेव्हाच. तरीही चावी मारली की दोन फिरक्यांत घेतो. कधी नाही घेतला तर दहा सेकंदांच्या वर दाबून ठेवत नाही, अर्धा मिनिट थांबतो आणि परत मारतो, कॉइल तापत नाही. महिन्यातून एकदा बॅटरीचे टर्मिनल गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुतो आणि अर्थिंगच्या बोल्टला हात लावून बघतो, गरम आहे का.

नाना आता ट्रॅक्टर शेडमध्ये सपाट जागेवर लावतात, न्यूट्रल करतात, हँडब्रेक ओढतात आणि उतरल्यावर परत एकदा गिअर हलवून बघतात. विहिरीजवळचा दगड अजून तिथेच आहे. पाना मी घरी नेऊन ठेवलाय. रिंगचं काम द्राक्षं निघून खरड छाटणी झाली की काढणार, तोपर्यंत खर्रर झालं तर स्टॉप ओढून, चावी काढून, टॉप गिअरमध्ये टाकून दोघांनी ट्रॅक्टर थोडा पुढे ढकलायचा, दात बदलतो, मग न्यूट्रल करून सीटवर बसूनच चावी मारायची.